बाबा फाटकापाशी

आमच्या घरात काही ठरवायचं असलं, आणि त्या ठरण्यात बाबांचा स्वतःचा काही फायदा असला, की बाबा उठून फाटकापाशी जाऊन उभे राहत. ही सवय त्यांनी विद्यापीठातून आणली होती. तिथे एखाद्या बैठकीत एखाद्या सभासदाच्या बढतीचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा विषय निघाला, की त्याने उठून बाहेर जायचं असतं. विषय संपला की शिपाई त्याला आत बोलावतो. बाबा उपकुलसचिव होते, अशा बैठका त्यांनी जन्मभर भरवल्या. बाकीच्यांसाठी तो नियम बैठकीपुरता होता. बाबांनी तो नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या लहानशा घरात आणला आणि लोखंडी फाटकापाशी नेऊन ठेवला.

म्हणजे असं, की रविवारी भाजी कोणती करायची हे ठरत असलं आणि त्यात भरल्या वांग्यांचं नाव निघालं, की बाबा गेलेच. भरली वांगी त्यांचा जीव की प्राण. आई वैतागायची. “अवो, वांगेच करून राहिली मी, या ना घरात,” ती स्वयंपाकघरातून ओरडायची. बाबा तिकडून म्हणत, “पोरांले इचार आधी. ठरलं की मले आवाज दे.” टीव्ही घ्यायचा ठरला तेव्हा क्रिकेटचे शौकीन म्हणून ते बाहेर. ताईला बघायला बाबांच्या जिवलग मित्राचा मुलगा आला, तेव्हा पाहुणे बैठकीच्या खोलीत आणि मुलीचा बाप फाटकापाशी. मुलाकडच्यांना वाटलं, यांना स्थळ पसंत नाही. ते पोह्यांच्या प्लेटा तशाच ठेवून उठायच्या बेतात होते. ताईने घाईघाईने होकार दिला आणि मी बाबांना बोलवायला पळालो. शेजारीपाजारी तर बाबा तिथे उभे दिसले की विचारायचे, “काय ठरून राह्यलं गा आज?”

आम्ही हसायचो. मी सगळ्यांत जास्त हसायचो. बाबांची नक्कल करून दाखवायचो, हात मागे बांधून, रस्त्याकडे तोंड करून. आता ते आठवलं की लाज वाटते. पण ती लाज तशी किरकोळ आहे, मोठी पुढे आहे.

बाबांचे वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणत. बाबा त्या घरातले ऑफिसात गेलेले पहिले. विद्यापीठात खालच्या जागेवर लागले आणि चढत चढत परीक्षा विभागात उपकुलसचिव झाले. तिथे त्यांचा दरारा होता म्हणतात. आम्हाला तो कधी दिसला नाही. आम्हाला दिसले ते ताईच्या दोन वेण्या घालणारे बाबा, आईच्या पायाला तेल चोळणारे बाबा, आणि एप्रिल लागला की बनियनवर कूलरशी झटणारे बाबा. कूलरच्या ताट्यांतलं जुनं गवत काढायचं, नवं भरायचं, टाकीत पाइप सोडून बसायचं. घरात कूलर एकच होता. तो बाबा उन्हाळाभर माझ्या अभ्यासाच्या खोलीच्या खिडकीला लावत आणि स्वतः आईबरोबर गच्चीवर झोपत. नागपूरच्या मे महिन्यात कूलर दुसऱ्याला देणं म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको.

त्या कूलरच्या गार वाऱ्यात बसून मी नापास होत असे.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला स्टॅटिस्टिक्स नावाचा विषय होता. त्यात मी उन्हाळी परीक्षेत नापास झालो, हिवाळी परीक्षेत नापास झालो, मग परत उन्हाळीत. एकूण किती वेळा ते कृपा करून विचारू नका. बाकीचे विषय सुटले होते. हा सुटत नव्हता. शिकवणी लावून झाली, बाबांनी स्वतः शेजारी बसवून शिकवून झालं. आकडे समोर आले की माझ्या डोक्यात नुसती शिट्टी वाजायची. हात मात्र चालायचे. कॉलनीतल्या कुणाचाही पंप जळो, कूलरची मोटर बसो, मी ती उघडून, तारा नव्याने गुंडाळून चालू करून द्यायचो. त्याचं कौतुक व्हायचं आणि त्या कौतुकाच्या शेवटी हमखास कुणीतरी म्हणायचं, “परीक्षा विभागाच्या साहेबाचा पोट्टा आणि पाहा!”

फॉर्म आणायला विद्यापीठात जायचो तो प्रसंग तर शत्रूवरही येऊ नये. बाबांची ताकीद होती, रांगेतच उभं राहायचं. मी मान खाली घालून पुन्हा बसणाऱ्यांच्या रांगेत उभा राहायचो. मग तिथला म्हातारा शिपाई मला ओळखायचा आणि प्रेमाने कोकलायचा, “अरे, सायबाचे चिरंजीव उभे आहेत ना इथं! खुर्ची आना गा कोणी!” सगळी रांग वळून बघायची. एकदा त्याने खरोखरच खुर्ची आणली. मी ती खुर्ची आणि ती रांग तिथेच सोडून घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी तो सुट्टीवर आहे हे बघून परत गेलो.

आता इथे एक नियम सांगितला पाहिजे. परीक्षेच्या कामातल्या माणसाच्या घरचं कुणी परीक्षेला बसणार असलं, तर त्याने ते आपणहून सांगायचं आणि त्या हंगामापुरतं परीक्षेच्या कामातून बाजूला व्हायचं. ताई परीक्षा द्यायची तेव्हाही बाबा असे बाजूला झाले होते. माझ्या वेळी ते दर उन्हाळ्यात आणि दर हिवाळ्यात होऊ लागले. मी फॉर्म भरला की दुसऱ्या दिवशी बाबा वर जाऊन सांगून टाकत, आणि त्यांची रवानगी इस्टेट शाखेत होई. तिथे मोडके बाक, गळक्या टाक्या, आवारातल्या आंब्यांची राखण असली कामं.

आम्हाला ही शाखा फार आवडायची. परीक्षेच्या दिवसांत एरवी रात्री उशिरा येणारे बाबा या हंगामात संध्याकाळीच घरी असत. येताना कलिंगड आणत. सगळ्यांना घेऊन सक्करदऱ्याच्या तलावावर जात. ताई मला चिडवायची, “तू नापास होते म्हणून बाबा दिसून राहिले बाप्पा आपल्याले. असाच राह्य.” बाबासुद्धा हसायचे. आपल्या नापास होण्याने घरात एवढं तरी सुख येतं, असं मलाही वाटायचं. इतका मूर्ख माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

कारण बाबांना काय हवं आहे हे मला ठाऊक होतं. ते रोज जेवताना बोलत. त्यांना परीक्षा नियंत्रकाची खोली हवी होती. खोलीची हौस नव्हती त्यांना, मोटारीचीही नव्हती. त्या काळात निकाल रखडत. निकाल नाही म्हणून पोरांचे बाहेरचे प्रवेश हुकत, नोकरीच्या तारखा निघून जात, आणि त्यांचे बाप गावाहून एसटीने येऊन विद्यापीठाच्या पायऱ्यांवर बसून राहत. बाबा येताजाता त्यांना बघत. “एक हंगाम द्या मले फक्त त्या खोलीत,” ते भाकरी मोडता मोडता म्हणत, “येकयेकाचा निकाल टायमावर लावून दाखवतो.” कुठली शाखा कुठे अडते, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कुठे पडून राहतात, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. आईला ते पाठ झालं होतं. आमटी वाढताना ती त्यांच्या आधीच पुढचं वाक्य म्हणायची.

नियंत्रक निवृत्त व्हायचे होते. पक्की नेमणूक होईपर्यंत कुणाला तरी प्रभार मिळणार, आणि प्रभार ज्याच्याकडे त्याच्याकडेच बहुधा पुढे खुर्ची, असं बाबाच आम्हाला सांगत. ज्येष्ठ तेच होते. आईने मनातल्या मनात सत्यनारायण बोलून ठेवला होता.

त्याच सुमारास सक्करदऱ्याच्या एका कूलरवाल्याने मला विचारलं, माझ्याबरोबर दुकानात भागीत येतो का. त्याचं वय झालं होतं, मुलं बाहेरगावी होती, आणि माझा हात त्याने पाहिला होता. मी दोन दिवस हवेत होतो. उन्हाळी परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपत आली होती. संध्याकाळी सगळे जेवायला बसलो तेव्हा मी सांगून टाकलं, “मी आता परीक्षेला बसत नाही. नाही होत मले ते. दुकान टाकतो.”

एक गोष्ट मला तेव्हाच जाणवायला हवी होती. फॉर्मच्या दिवसांत बाबा रोज विचारत, “भरला का गा बाबू?” त्या दिवशी त्यांनी विचारलं नव्हतं. दुसरी भाकरीही घेतली नव्हती. माझं बोलणं ऐकून त्यांनी माझ्याकडे एकवार बघितलं, ताट बाजूला सारलं, हात धुतले, आणि ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले.

आम्ही तिघं खोलीत राहिलो. मी, आई आणि माहेरी आलेली ताई. बाबा फाटकापाशी का जातात हे आम्हा तिघांना पुरतं ठाऊक होतं. पण तेव्हा एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. नापास मुलगा म्हणजे काही भरलं वांगं नव्हे, त्यात बापाचा फायदा तो कसला असणार!

“पाह्य,” आई म्हणाली, “उठून गेले. तोंड नाही पाहवत त्यांले तुझं.” तिने बाबांचं सारलेलं ताट उचललं. “आता कुठं मोठी खुर्ची भेटून राहिली त्यांले. आन लोकं काय म्हणतीन? ज्याच्या हातात साऱ्या पोरांच्या परीक्षा, त्याचं पोट्टं अर्ध्यात सोडून बसलं? काय इज्जत राहीन त्यांची?”

ताई म्हणाली, “बस ना गा एकदा अजून. त्यांच्यासाठी बस.”

मी खिडकीतून बाबांची पाठ बघितली. हात मागे बांधलेले, तोंड रस्त्याकडे. याच पाठीची मी नक्कल करायचो. त्या संध्याकाळी तीच पाठ बघून मला रडू फुटायची वेळ आली. आपल्यामुळे हा माणूस आपल्याच घरातून उठून बाहेर जाऊन उभा आहे, असं वाटलं. मी ओसरीत आलो आणि म्हणालो, “बाबा, मी बसतो.”

ते वळले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. बाबांनी फाटकाची कडी काढली, परत लावली. मग मी मोठ्याने म्हणालो, “बाबा! बसतो मी परीक्षेला.” तेव्हा ते वळले आणि हसत आत आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. “बसतो म्हनते? बस, बस. या वेळी सुटते तुझा पेपर,” असं म्हणून त्यांनी आईकडे ताक मागितलं.

मी स्वतःवर इतका खूश होतो की सांगता सोय नाही. बापाची लाज राखली! कूलरवाल्याला नकार कळवून आलो आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. त्या उन्हाळ्यात बाबा परत इस्टेट शाखेत गेले. परीक्षा नियंत्रकाचा प्रभार त्यांच्या हाताखालच्या एका माणसाला मिळाला. हे गृहस्थ आमच्या घरी नेहमी येत. तोंडात सदा सुपारी-तंबाखूचा घोटलेला खर्रा, म्हणून आम्ही त्यांना खर्रावाले काका म्हणायचो. आई दिवसभर रडली. “तुमच्या हाताखाली शिकलेला मानूस आन तुमच्या डोक्यावर?” बाबा म्हणाले, “मानूस चांगला आहे वं. काम येते त्याले. मी सांगितलं आहे त्याले सारं, कुठं काय अडते ते.” आणि ते कूलरमध्ये पाणी भरायला गेले.

मी पुन्हा नापास झालो, हे सांगायची गरज नाही.

मला मात्र राग आला होता, आणि तो मी खर्रावाल्या काकांवर काढला. यांनीच वर लावालाव केली असणार, असं मी ठरवून टाकलं. ते घरी आले की मी मागच्या दाराने बाहेर पडायचो. दिवाळीला त्यांच्या पाया पडलो नाही. पुढे माझं स्वतःचं दुकान झाल्यावर त्यांचा कूलर दुरुस्तीला आला, तो मी मोटरचा भाग मिळत नाही असं सांगून पहिला पाऊस पडेपर्यंत ठेवून घेतला. भाग माझ्या खणातच होता. म्हाताऱ्या माणसाने तो अख्खा उन्हाळा घामात काढला आणि एकदाही तक्रार केली नाही.

दुकान झालं ते बाबा निवृत्त झाल्यावर. तेही नीट सांगतो. बाबा निवृत्त झाले, हार घातलेला फोटो निघाला, आणि त्यानंतर काही दिवसांनी मी फॉर्म आणायला निघालो होतो. सवयच झाली होती. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी चपला घालत असताना ते म्हणाले, “थांब गा. बस इथं.” आई आतून आली. मागे याच विषयावर फाटकाकडे गेलेले बाबा त्या दिवशी खुर्चीतून हलले नाहीत. ते म्हणाले, “आता पुरे. नको बसू. तुझा हात मोटरीत आहे, दुकान टाक. मी येतो संग जागा पाहाले.”

किती वर्षं मला या वाक्याची वाट होती! आणि ते आलं तेव्हा मला काय वाटलं असेल? वाटलं, बाबांनी हात टेकले. इतकी वर्षं नोकरीमुळे, लोकलाजेमुळे माझ्यावर आशा ठेवून होते. आता खुर्ची गेली, लाज गेली, आशाही गेली. मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. पुढे दुकान चांगलं चाललं, लग्न झालं, मुली झाल्या, पण ते “आता पुरे” माझ्या मनातून गेलं नाही. बायकोशी भांडण झालं की मी म्हणायचो, माझ्या बापानेच मला नापास केलं, तुझं काय घेऊन बसलीस.

बाबा मात्र रोज दुकानात येत. स्टुलावर बसत आणि आलेल्या गिऱ्हाइकांची रांग सांभाळत. “थांबा, ते पह्यले आले.” ओळखीच्याला पुढे घुसू देत नसत. आमच्या घरचा कूलर तर साऱ्या गावाचे झाल्याशिवाय हाती घेऊ देत नसत. मे संपत आला तरी आमच्याकडे टेबलफॅन. आई म्हणायची, “कूलरच्या दुकानदाराची माय मी, आन घामानं भिजून राहिली.” बाबा आमच्या कूलरचा विषय निघाला की स्टूल उचलून दुकानाबाहेर नेत. मी डोक्यावर हात मारून घेई.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. रामदासपेठेतल्या दवाखान्यात थोडे दिवस होते, शुद्धीवर होते, नर्सबाईंना आधी शेजारच्या खाटेकडे पाठवत होते. तेरवी झाल्यावर विद्यापीठातल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी शोकसभा ठेवली. ज्या सभागृहात त्यांनी बैठका भरवल्या, तिथेच. आईला झेपणार नव्हतं, म्हणून मी आणि ताई गेलो. मला बोलायला लावतील याची धास्ती होती. सगळे शिकलेसवरलेले, आणि मी त्याच विद्यापीठाचा स्टॅटिस्टिक्समध्ये गाडलेला माणूस. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मला धरून पुढे आणलं.

दोघातिघांची भाषणं झाली. मग खर्रावाले काका उठले. आता काठी आली आहे. तोंडात खर्रा नव्हता, तो डॉक्टरांनी सोडवला. त्यांनी कागदावर लिहून आणलेलं थोडं वाचलं, मग कागद खिशात टाकला आणि बोलू लागले.

“एक गोष्ट सांगतो. आता सांगाले हरकत नाही. माह्याकडे प्रभार आला, तो साहेबांचा होता. वरून साहेबांलेच बोलावणं आलं होतं. मी संगच होतो. वरच्यांनी त्यांले म्हणलं, प्रभार तुमचाच. फक्त या हंगामात घरचं कोणी परीक्षेला बसून नाही ना राहिलं? साहेब म्हणाले, मुलाचं अजून ठरलं नाही. उद्या सांगतो. बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागं लागलो. म्हणलं, साहेब, पोट्ट्याले म्हना ना, या टायमाले राहू दे. येका शब्दाचं काम आहे. तं साहेब काय म्हणाले माहीत आहे?”

काका थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, एवढी दया केली.

“म्हणाले, ते मी कसं म्हनू गा? त्याच्यात माझा फायदा आहे ना. त्याच्यावर मले बोलता येत नाही. तो काय ठरवते, ते ठरवते. दुसऱ्या दिवशी आले, वर जाऊन सांगून टाकलं, मुलगा बसून राहिला. आन माह्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू सांभाळ आता, निकाल टायमावर लाव.”

सभागृहात लोकांनी माना हलवल्या. कुणी डोळे पुसले. असा माणूस होणे नाही, असं कुणीतरी म्हणालं. ताईने माझा हात घट्ट धरला होता. तिलाही ती संध्याकाळ आठवली होती. “त्यांच्यासाठी बस” हे तिचे शब्द होते.

मग मला बोलायला उभं केलं. मी उभा राहिलो. समोर चेहरे होते, पहिल्या रांगेत काका काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मला म्हणायचं होतं, काका, तुमच्या कूलरचा भाग माझ्या खणात होता. मला म्हणायचं होतं, मी बसलो नसतो तर चाललं असतं. आपण सगळे आलात, आभारी आहे, एवढं म्हणून मी खाली बसलो. लोकांना वाटलं, मुलगा दुःखाने बोलू शकला नाही. कुणी कुणी जवळ येऊन पाठ थोपटली. दुःख होतं, पण माझी मान खाली होती ती लाजेने.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती खाटेवर बसून होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मले वाटे, या टायमाले होशीनच तू पास. दर टायमाले वाटे.” पदर तोंडाला लावून म्हणाली, “त्यांलेही वाटे रे. तू सुटला की आपन परत परीक्षेच्या कामात जाऊ, म्हनत.”

तेव्हापासून मला धड झोप नाही. आईला वाटत होतं मी पास होईन. ताईला वाटत होतं. बाबांना वाटत होतं, “या वेळी सुटते तुझा पेपर” हे ते मनापासून म्हणाले होते. साऱ्या घरात एकट्या मला पक्कं माहीत होतं, की हा पेपर आपल्याच्याने सुटायचा नाही. ते मी एकदाच बोललो आणि लगेच गिळलं. बापाची इज्जत राखायची म्हणून बसलो, आणि आपण बापावर उपकार केले असं समजून इतकी वर्षं मिरवलं. “आता पुरे” म्हणायला ते निवृत्त होईपर्यंत थांबले. आता त्या बोलण्यात त्यांचा फायदा उरला नव्हता, म्हणून ते खुर्चीत बसून राहिले, आणि मी त्या वाक्याचा राग धरून बसलो.

खर्रावाल्या काकांकडे मी जाऊन आलो. त्यांचा कूलर आत्तापासूनच दुरुस्त करून लावून दिला, अजून उन्हाळा लागायचा आहे तरी. ते म्हणाले, “काहून एवढी घाई?” मी टाकीत पाइप सोडला.

फाटक अजून तेच आहे. दोनदा रंग दिला, कडी बदलली नाही. परवा मी मुद्दाम संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहिलो, हात मागे बांधून, रस्त्याकडे तोंड करून. या वेळी नक्कल करायला नाही. आत माझी धाकटी मुलगी तिच्या आईशी काही बोलत होती, हळू आवाजात, ओसरीत बसून. मला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. आमचं अंगण ते केवढं! बाबा इथे उभे होते त्या संध्याकाळी रस्त्यावर कुणी नव्हतं, हेही मला आठवतं. मी ओसरीतून पहिल्यांदा म्हणालो, “बाबा, मी बसतो,” तेव्हा ते त्यांना ऐकू गेलं होतं. हसून वळायला त्यांना कडी काढून परत लावण्याएवढा वेळ लागला.